काम चालतं, मग माणूस का चालत नाही?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी व्हिसाच्या (कुशल परदेशी नोकरदारांना मिळतो तो) अर्जावर एक लाख डॉलर फी लावली, तेव्हा आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडला, गंगापूर रोडला, इंदिरानगरला घराघरात दुसरा विषय नव्हता. कुणाचा मुलगा डॅलसला, कुणाची सून न्यू जर्सीला, आणि सगळ्यांचा राग एकच, की आमची पोरं तिथे राबतात, टॅक्स भरतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात, मग त्यांना असं का वागवता. राग अगदी बरोबर आहे. पण त्याच घरांमध्ये अंबड-सातपूरच्या कंपन्यांमधल्या यूपी-बिहारच्या कामगारांबद्दल काय बोललं जातं तेही मी ऐकतो, की या लोकांनी शहराची वाट लावली, यांना गाडीत बसवून परत पाठवा. एकाच तोंडातून दोन्ही निघतं आणि त्यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटतही नाही.

मी नाशिकरोडचा कॅथलिक. स्थलांतराच्या प्रश्नावर आमच्या ख्रिस्तसभेने, म्हणजे कॅथलिक चर्चने, गेल्या सव्वाशे वर्षांत जी सामाजिक शिकवण उभी केलीये ती अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याला जितकी लागू पडते तितकीच आपल्या नाशिकजवळच्या गिरणारेच्या मजूर बाजाराला लागू पडते, असं माझं ठाम म्हणणं आहे. आणि ती पूर्ण वाचली तर कुठल्याच बाजूला सोयीची नाहीये. एक जण म्हणतो पोप म्हणाले सगळ्यांना आत घ्या, दुसरा म्हणतो तुमच्याच धर्मशिक्षणात (ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात) लिहिलंय की कायदा पाळा, आणि दोघंही अर्धंच वाचून थांबलेले असतात.

तर पूर्ण काय आहे ते आधी सांगतो. सुरुवात कामगारापासून होते. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढलं, कामगारांच्या हक्कांवरचं, आणि त्यात एक मुद्दा असा आहे की माणसाला स्वतःच्या गावात धड जगता आलं, स्वतःची थोडी जमीन मिळाली, तर तो जन्मभूमी सोडून परक्या देशात जाणारच नाही. म्हणजे पहिला हक्क आपल्या जागी राहण्याचा. सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१२ मध्ये हेच परत स्पष्ट केलं, स्थलांतराच्या हक्काच्याही आधी स्थलांतर न करण्याचा हक्क येतो म्हणून. दुसरा हक्क निघण्याचा. १९५२ साली बारावे पायस यांनी युद्धात उद्ध्वस्त झालेल्या लोकांसमोर पवित्र कुटुंबाचं उदाहरण ठेवलं, हेरोद राजाच्या भीतीने रातोरात इजिप्तला पळालेले योसेफ, मरिया आणि बाळ येशू, जगातल्या प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा नमुना म्हणून. आपल्याकडे दर फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला लाखभर लोक येतात, सगळ्या धर्मांचे, मुंबई-वसई-गोव्याहून, नवस बोलतात, मेणबत्त्या लावतात. तो बाळ येशू काही काळ दुसऱ्याच्या देशात राहिलेला आहे हे त्या गर्दीत किती जणांना आठवत असेल माहीत नाही. १९६३ मध्ये तेविसाव्या जॉन यांनी तर स्पष्टच लिहिलं की योग्य कारण असेल तर दुसऱ्या देशात जाऊन राहणं हा माणसाचा हक्क आहे.

आणि तिसरा हक्क राज्याचा, सीमा सांभाळण्याचा. हो, तोही आहे. धर्मशिक्षणाच्या २२४१ क्रमांकाच्या परिच्छेदात दोन्ही बाजू एकत्र आहेत: श्रीमंत देशांनी जमेल तितकं परक्याला घ्यायलाच हवं, सरकारला सर्वांच्या हितासाठी त्यावर अटी घालता येतात, आणि येणाऱ्याने त्या देशाचा वारसा मानावा, कायदे पाळावेत, नागरी जबाबदारीतला आपला वाटा उचलावा. म्हणून नाशिकला येणाऱ्याने मराठी शिकावं ही मागणी मला अजिबात चुकीची वाटत नाही, उलट मी तर म्हणतो कंपन्यांनी शिफ्ट संपल्यावर तासभर मराठीचे वर्ग घ्यावेत. पण २००८ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीयांवर हल्ले झाले तसं दगड मारून कुणी मराठी शिकत नाही. तेव्हा भीतीने हजारो कामगार नाशिक सोडून निघून गेले आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशिन चालवायला माणूस मिळेना.

२००३ मध्ये अमेरिका आणि मेक्सिकोच्या बिशपांनी मिळून एक पत्र काढलं, त्यात ही सगळी शिकवण अमेरिकेच्या प्रश्नाला लावून दाखवली, आणि कागदपत्रं नसलेल्या माणसाचीही प्रतिष्ठा शाबूत राहते हे त्यात ठळकपणे आहे. मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. व्हिसा संपला म्हणून माणूसपण संपत नाही, त्याची मजुरी बुडवता येत नाही, त्याला त्याच्या लेकरापासून तोडता येत नाही, आणि ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरच्या विमानतळावर अमेरिकेने परत पाठवलेले १०४ भारतीय उतरले तसं हातापायांत बेड्या घालून लष्करी विमानाने आणता येत नाही. त्यात आपल्या महाराष्ट्राचेही तिघे होते. परत पाठवा, कायदा असेल तर पाठवा, पण बेड्या कशासाठी?

अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स स्वतः कॅथलिक आहेत, २०१९ मध्ये झाले. २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी मांडलं की ख्रिस्ती शिकवणीत प्रेमाला क्रम असतो, आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग देशबांधव, आणि त्यानंतर बाकीचं जग. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाहीये. ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास यांनी प्रेमाच्या क्रमाबद्दल लिहिलंय, आणि स्वतःची आई आजारी असताना तिला सोडून गावभर समाजसेवा करत फिरणारा माणूस कुणालाच आवडत नाही. पण क्रम फक्त एवढंच ठरवतो की आधी कुणाला वाढायचं. कुणाला तुडवायचं हे त्यातून निघत नाही. माझ्या मुलाला आधी जेवू घालतो म्हणून शेजाऱ्याच्या मुलाच्या ताटाला लाथ मारायची परवानगी मला कुठल्या संताने दिलीये? पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहिलं, त्यात खरा क्रम चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यातून शोधा असं सांगितलं, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेला माणूस ज्याला आपला वाटला त्या परक्याच्या गोष्टीतून. त्याच पत्रात गंभीर गुन्हे करणाऱ्यांपासून समाजाचं रक्षण करायचा देशाचा हक्कही त्यांनी मान्य केला होता, तेवढा भाग मात्र टीका करणारे सांगत नाहीत. फ्रान्सिस एप्रिलमध्ये गेले, मे महिन्यात चौदावे लिओ आले, पहिलेच अमेरिकेत जन्मलेले पोप, आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या बिशपांनी बाल्टिमोरच्या बैठकीत सरसकट हद्दपारीच्या विरोधात निवेदन काढलं, २१६ विरुद्ध ५ मतांनी. बिशपांचं एवढं एकमत सहज होत नसतं.

आता कायद्यात नेमकी सुधारणा काय हवी, कारण नुसतं दया दाखवा म्हणून भागत नाही. अमेरिकेत एक कोटीपेक्षा जास्त लोक कागदाविना राहतात, त्यातले कित्येक वीस-वीस वर्षांपासून. १९८६ मध्ये रेगन अध्यक्ष असताना एकदा मोठा कायदा झाला आणि सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. त्यानंतर तेवढं मोठं काही झालंच नाही. तिथल्या कायद्यात एक कलम आहे, अमुक तारखेच्या आधीपासून सलग देशात राहणाऱ्याला, वर्तणूक चांगली असेल तर, कायम वास्तव्य मागता येतं. ती तारीख १९८६ मध्ये पुढे आणून १ जानेवारी १९७२ केली आणि आजही तीच आहे! नुसती ती तारीख पुढे सरकवली तरी लाखो कुटुंबांचा प्रश्न सुटेल, नवीन यंत्रणा उभारायचीही गरज नाही. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मोठं विधेयक पास केलं होतं, खालच्या सभागृहात ते मतदानालाच आलं नाही. आणि आपल्या लोकांचं म्हणाल तर नोकरीच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांच्या वर वाटा मिळत नाही, मग देश लहान असो की भारताएवढा, त्यामुळे आपल्या इंजिनीअरांची रांग दशकं-दशकं सरकत नाही आणि लहानपणी आईबापांसोबत गेलेली मुलं २१ वर्षांची झाली की त्या रांगेतून बाहेर पडतात. जिथे वाढली, शिकली, तिथेच त्यांना नव्याने व्हिसा शोधावा लागतो. कुटुंब एकत्र राहिलं पाहिजे ही ख्रिस्तसभेची मागणी गंगापूर रोडच्या आजी-आजोबांच्या थेट कामाची आहे, त्यांना ती कुणी सांगितलेली नाही एवढंच.

लोक विचारतात की मग आमच्या स्थानिक पोरांच्या नोकऱ्यांचं काय, बाहेरचे कमी पैशात काम करतात म्हणून आमचा रेट पडतो. हा प्रश्न खरा आहे आणि याचं उत्तर मला द्राक्षांत सापडतं, जरी ती द्राक्षं आपली नसून कॅलिफोर्नियाची असली तरी. ८ सप्टेंबर १९६५ ला डेलानो भागात लॅरी इटलिओंग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी द्राक्षतोडणी थांबवली, आठवडाभरात मेक्सिकन मजूर सीझर चावेझ यांच्यासोबत त्यात उतरले, पुढच्या वर्षी ग्वादालुपेच्या मातेचा झेंडा घेऊन सॅक्रामेंटोपर्यंत चालत गेले, आणि १९७० मध्ये बागायतदारांनी करारावर सह्या केल्या तेव्हा मध्यस्थीला बिशपांची समिती होती. इथपर्यंत छान. पण पुढे १९७४ च्या सुमाराला मालकांनी संप फोडायला कागद नसलेले मजूर आणले आणि चावेझ यांच्याच युनियनने त्यांची नावं इमिग्रेशन खात्याला कळवली. मजुराने मजुराला पकडून दिलं. मालकाचं काही गेलं नाही. आज अमेरिकेत पीककाम करणाऱ्या दर दहा मजुरांमागे साधारण चार जणांकडे कागद नाहीत, म्हणजे पकडून देऊन काय मिळालं ते दिसतंच आहे. कागद नसलेला माणूस तक्रार करू शकत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो, आणि तो स्वस्त पडतो म्हणून स्थानिक माणसाचा रेट पडतो. त्याला कागद द्या, किमान वेतन मागायचा हक्क द्या, की स्वस्तात मिळणारा माणूस उरत नाही आणि स्थानिक पोराची मजुरीही वर जाते. स्थानिकांच्या भल्यासाठीच बाहेरच्याला हक्क हवेत, आणि हे मला आमच्या नेत्यांपैकी कुणीच बोलताना दिसत नाही.

आता आपल्या घरचं. सकाळी गिरणारेला जा. पेठ, हरसूल, त्र्यंबकच्या पाड्यांवरून आलेली माणसं उभी असतात, बायका जास्त, बोचक्यात भाकरी आणि पातेलं, कडेवर नाहीतर पाठीला बांधलेलं लेकरू. पिकअप थांबली की शेतकरी विचारतो किती जणी आहात, मग हजेरीवर घासाघीस, मग भरली गाडी. द्राक्षाची छाटणी, डिपिंग, थिनिंग, मग माल काढणी, टोमॅटोचा खुडा, वर्षाचे कितीतरी महिने ही माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये राहतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती फेडत. एका बाईशी बोललो, सुरगाण्याकडची होती, मी विचारलं ताई मुलं शाळेत जातात का, तर ती म्हणाली, "गावाला नाव आहे भाऊ शाळेत, पण आम्ही इकडं, मग पोरगं पण इकडं. मोठीला धाकट्याला सांभाळायला लागतं ना." एवढंच बोलून ती गाडीत चढली. ती आपल्याच जिल्ह्याची बाई आहे, मराठी बोलते, तिला परप्रांतीय म्हणायचीही सोय नाही, तरी तिच्या मुलीची शाळा ना गावाच्या हिशेबात ना बागेच्या.

तिला गावात राहायचा हक्क मिळाला असता तर? सुरगाण्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. २०२२ च्या अखेरीला तिथल्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत टाका असं सांगितलं, इतका वैताग आलेला. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला हजारो आदिवासी चालत गेले, पाय सोलपटले, फोटो सगळ्यांनी पाहिले असतील, त्यांची मुख्य मागणी २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेली जमीन नावावर करा ही होती. तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये जे लिहिलं, की थोडी स्वतःची जमीन असेल तर माणूस गाव सोडणार नाही, ते त्या मोर्चातल्या एकानेही वाचलेलं नसेल, पण ते तेच मागत होते. आणि महाराष्ट्राने तर १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, देशाने २००५ मध्ये तो उचलला. गावात काम द्या म्हणजे लोक गाव सोडणार नाहीत हे आपल्याला कुणा पोपने शिकवायची गरज नव्हती. आपणच सुरू केलं आणि आपणच ते ढिलं पडू दिलं.

परप्रांतीय कामगाराचा हक्क तर याहून पक्का आहे, तो राज्यघटनेच्या १९ व्या कलमात आहे, देशात कुठेही जा, कुठेही राहा. अमेरिकेत कागद नसलेल्या माणसाची आणि त्याची तुलना कायद्याने होत नाही हे मला मान्य आहे. पण वागणूक सारखीच मिळते. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, ठेकेदाराने लायसन्स घ्यावं, मजुरांची नोंद ठेवावी, प्रवासाचा भत्ता द्यावा. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये मुंबई-आग्रा हायवेवरून कसाऱ्याचा घाट चढून माणसांचे लोंढे नाशिकमधून गेले तेव्हा सरकारकडे त्यांची धड यादीसुद्धा नव्हती, कारण नोंदच कुणी केली नव्हती. १ मेच्या रात्री नाशिकरोडवरून भोपाळला श्रमिक स्पेशल सुटली. त्या दिवसांत नाशिककरांनी हायवेवर पाणी, पोळी-भाजी, चपला वाटल्या, गुरुद्वारे, मंदिरं, मशिदी, चर्च सगळे होते, मला त्याचा अभिमान आहे. पण ते लोक परत आल्यावर त्यांना नोंद मिळाली का, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

आणि बांगलादेशींचं काय, हा प्रश्न येणारच. माझं उत्तर सरळ आहे, परदेशी नागरिक बेकायदा राहत असेल तर सरकारने तपासावं, सुनावणी घ्यावी, मग कायद्याप्रमाणे पाठवावं. सुनावणी हा शब्द मात्र गाळायचा नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या बाजूला पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले आणि मग ते भारतीयच निघाले म्हणून परत आणावे लागले. भाषेवरून आणि नावावरून माणूस ठरवायला लागलो की हे होणार. अमेरिकेत रस्त्यात रंग बघून माणसं उचलतात तेव्हा आपण चिडतो ना?

आपलं शहर तर या बाबतीत किती जुनं आहे. पंचवटी ज्यांच्यामुळे पंचवटी आहे ते तिघेही अयोध्येहून आलेले, वनवासी. १८५० च्या दशकात प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी शरणपूर वसवलं, पुढे तिथे ब्रिटिश आरमाराने समुद्रावर गुलामांच्या जहाजांमधून सोडवलेली आफ्रिकन मुलं आली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराईट आफ्रिका-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता आणि १८७४ मध्ये लिव्हिंगस्टनचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. बाकीचे बरेच जण मोंबासाजवळ जाऊन स्थायिक झाले. आज शरणपूर रोडने जाताना हे कुणाला ठाऊकही नसतं.

आता सिंहस्थाची कामं चाललीयेत, ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, त्याआधी घाट, रस्ते, पूल, ड्रेनेज सगळं उरकायचं, आणि ते उरकणारे हात बरेचसे बाहेरगावचे आहेत. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्यातून आलेलं कल्याणकारी मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन त्यात पैसा जमा होतो, मुलांची शिष्यवृत्ती, अपघाताची मदत, सगळं त्यातून मिळू शकतं. पण नोंदणीला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला मागायला गेलं की ठेकेदार टाळाटाळ करतो, कारण सही केली की तो मजूर त्याचा ठरतो. म्हणजे इथेही काम चालतं, कागद मिळत नाही.

माझी मागणी आहे की सिंहस्थाच्या प्रत्येक कामाच्या बिलासोबत ठेकेदाराने मजुरांची यादी, बँकेत जमा केलेल्या मजुरीचा पुरावा आणि ९० दिवस भरलेल्या प्रत्येकाचा सही केलेला दाखला जोडावा, त्याशिवाय बिल पास करू नये. महापालिकेला आणि कुंभमेळा प्राधिकरणाला हे टेंडरच्या अटींमध्ये टाकता येतं, दिल्लीला जायची गरज नाही. जिथे मजुरांची वस्ती पडते तिथे रेशन पोर्टेबिलिटी (गावचं रेशन इथे मिळण्याची सोय) चालू आहे का हे पुरवठा खात्याने जाऊन बघावं आणि मुलांसाठी जवळच्या मनपा शाळेत वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा, शिक्षण हक्क कायद्यात ती सोय आहेच. आणि आमच्या पॅरिशांनी, म्हणजे स्थानिक चर्चनी, रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर एक टेबल लावून नोंदणीचे फॉर्म भरून द्यावेत, मजूर कुठल्याही धर्माचा असो, आमच्यात बँकेतून आणि सरकारी नोकरीतून रिटायर झालेली इतकी माणसं आहेत की हे पुढच्या रविवारपासून सुरू होऊ शकतं.